गंजावरचा मध

काका भेटले की आधी चमचा पुढे यायचा, चमच्यात मध. "चाट गो. आतून गंज चढूचो नाय."

आमच्या बोरीवलीच्या सोसायटीत त्यांना सगळे रंगारीकाका म्हणायचे. ग्रिल, जिने रंगवणं हा धंदा. नखांत कायम रेड ऑक्साइडचा तांबडा रंग. आमचं गंजलेलं ग्रिल रंगवायला आले तेव्हा मी म्हटलं, "काका, मारा ना गंजावरूनच एक हात, कोण बघतंय?" केवढे भडकले! "गंजार रंग मारूचो नसता! आधी खरवड, मग रंग. नायतर वरून झकास, आतून पोखरता." आणि बसले पॉलिशपेपरने घासत.

कुठल्याशा मासिकात त्यांनी वाचलं, की मधात आणि परागात अँटिऑक्सिडंट असतं, ते शरीराचं गंजणं थांबवतं. झालं! नॅशनल पार्कातल्या पाड्यावरची एक बाई त्यांना पोळं आणून द्यायची. मध बरणीत, परागाचे पिवळे दाणे डबीत. अशी हट्टी, प्रेमळ माणसं तुम्हीही पाहिली असतील. हसावं की रागवावं कळत नाही.

मग काकूंच्या छातीत गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, ताबडतोब काढा. काका म्हणाले, "सुरी लागली की पसरता." सकाळ-संध्याकाळ मध आणि पराग सुरू झाला. मी भांडले, अगदी तोंडावर बोलले, "काका, वाट लावाल तुम्ही काकूंची!" ते चमचा पुसत राहिले.

काकूंना विचारलं, "तुम्ही का ऐकता हो?" त्या वाळल्या होत्या, ब्लाऊज खांद्यावरून उतरत होता. हसून म्हणाल्या, "खातंय गो. तेंका बरा वाटता."

शेवटी हॉस्पिटलात नेलं, तेव्हा गाठ पसरली होती. आधी गाठ काढली असती तर वाचल्या असत्या, एवढंच डॉक्टर बोलले. काकू गेल्या.

दिवसकार्य झाल्यावर मी चहा घेऊन गेले. बरणीला मुंग्या लागल्या होत्या. काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "गंजारच रंग मारलंय गो मी. मी!" मला रडू आवरेना. ज्या माणसाने जन्मभर ते केलं नाही, त्याने ते घरातच केलं.

गावी जायच्या आधी त्यांनी काकूंच्या खिडकीचं ग्रिल घासून घासून लखलखीत केलं. रंग लावलाच नाही. मी म्हटलं, "काका, पावसात गंजेल."

"गंजांदे," म्हणाले, आणि पिशवी उचलली.