सहाच्या ओळीत सात

"बाई, दादा जिता हाय का नाय, ते शेवटपर्यंत कळलंच नाय," प्रणाली म्हणाली आणि कादंबरीचं प्रूफ, म्हणजे तपासायची प्रत, माझ्या टेबलावर ठेवलं. ही चौक गावची, नववीतली, माझ्या ओळखीची. तेवढ्यासाठी शेअर रिक्षानं कर्जतला आली होती.

मी पुस्तकांची पानं लावते, म्हणजे मजकूर कॉम्प्युटरवर पानात बसवते. ही किशोर कादंबरी दुसऱ्या महायुद्धावरची. वायरलेसवर आलेले गुप्त संदेश फोडणारी दोन भावंडं आणि ब्रह्मदेशात लढायला गेलेला त्यांचा दादा. त्याचं काय झालं, ते शेवटच्या संदेशात. उत्तर लेखकानं मुद्दाम कुठेच दिलं नव्हतं, तो संदेश वाचणाऱ्यानंच फोडायचा. पुस्तक छापायला गेलंही होतं. प्रणालीला प्रूफ दिलं ते, खरं सांगते, कौतुक ऐकायला.

"अगं, रीत दिलीय ना? एका ओळीत सहा अक्षरं. वरून खाली वाचत जायचं."

"तसंच वाचलं. पन तुमी ओळीत सात घातल्यात. मोजा."

मोजली. सातच. पान भरलेलं दिसावं म्हणून मीच ओळ रुंद केली होती. खालच्या ओळीतलं अक्षर वर सरकलं आणि पुढचं सगळं विस्कटलं. तिघांनी प्रूफ तपासलं होतं, त्यात खुद्द लेखक. अर्थ लागत नाही म्हणजे संदेश बरोबरच असणार, असं धरून तिघांनीही पान उलटलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लगेच प्रकाशकांना फोन लावला. "साहेब, मशीन थांबवा. शेवटचं पान चुकलंय."

"छपाईची प्लेट झालीय हो. एका पानासाठी?"

"त्या पानाशिवाय गोष्टीला शेवटच नाही. चूक माझी आहे. अर्ध्या तासात नवं पान देते."

वीस मिनिटांत लावलं. एवढ्या वर्षांत तेवढा हात बसलाय. या खेपेला अक्षरांचं चित्र करूनच पानात टाकलं, म्हणजे ओळी हलायला नकोत. पाठवण्याआधी प्रिंट प्रणालीपुढे ठेवली.

ती पेन्सिलीनं एकेक रकाना उतरत गेली. तिसऱ्या रकान्याला ओरडलीच, "जिता हाय! बाई, दादा जिता हाय!"

मलाही ते तेव्हाच कळलं. दोन महिने ते पुस्तक माझ्या कॉम्प्युटरवर होतं, पण तो संदेश मी एकदाही फोडला नव्हता.

आता न कळणारं पान मी आधी सोडवते, मग लावते.