खोळीखालचे टाळ

ट्यूबचा अ‍ॅम्प्लिफायर घरी आला त्या दिवशी मी बायकोला सांगितलं, की स्वस्तात मिळाला म्हणून घेतला. ते खरं होतं, पण निम्मंच. वीस-बावीस वर्षं मी साध्या ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्प्लिफायरवर गाणी ऐकत आलो आणि त्याच्याबद्दल माझी कधी तक्रार नव्हती. गेल्या दोन वर्षांत मात्र एक गोष्ट बिघडली होती. गाण्यांतले टाळ नाहीसे झाले होते.

टाळ म्हणजे माझे वडील. भीमपूरकडच्या आमच्या गावच्या भजनी मंडळाची भीमगीतांची एक जुनी कॅसेट आमच्याकडे आहे. वडील शेतमजूर, गळा नव्हता, म्हणून मंडळानं त्यांच्या हाती टाळ दिले होते. कॅसेटमध्ये ते एक शब्दही गात नाहीत, फक्त टाळ वाजवतात. त्यांचा दुसरा कुठलाच आवाज आमच्याजवळ उरलेला नाही. कॅसेट झिजू नये म्हणून मी ती केव्हाच पेनड्राइव्हवर उतरवून घेतली होती, त्यामुळे दोष गाण्याचा नव्हता. मग एक तर अ‍ॅम्प्लिफायर म्हातारा झाला होता, नाही तर माझे कान. मी अ‍ॅम्प्लिफायरवर बोट ठेवलं. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी वर्गात दरवर्षी शिकवतो, पण स्वतःला कोण लावून बघतो?

वडिलांना साठीच्या आतच ऐकू येईनासं झालं होतं. मी आता सत्तावन्न वर्षांचा आहे. हे दोन आकडे मी कधी शेजारी शेजारी ठेवत नसे.

मोबाइलवर लोक ट्यूबच्या आवाजाचं कौतुक करत होते: गोड, भरलेला, गाणारा समोर बसल्यासारखा. जुन्या रेडिओत असायच्या तसल्याच काचेच्या नळ्या, फक्त आता उघड्यावर उभ्या केलेल्या. आवडला नाही तर सात दिवसांत परत घेणार होते. त्या सात दिवसांनीच माझा जीव टांगणीला लागला. टाळ ऐकू आले तर प्रश्न मिटला. नाही आले तर अ‍ॅम्प्लिफायर परत करता येईल, पण कान कुठे परत करणार?

पहिल्या संध्याकाळी बटण दाबलं आणि अर्धं मिनिट काहीच झालं नाही. मग नळ्या हळूहळू नारिंगी झाल्या आणि स्पीकरमधून घूं असा बारीकसा आवाज आला. तो दोष होता, पण मला केवढा आनंद झाला, कारण तो मला ऐकू आला होता. कान शाबूत आहेत असं मी लगेच ठरवूनही टाकलं. मग पेनड्राइव्हवरचं ते भजन लावलं. ढोलकी इतकी गोड मी आजवर ऐकली नव्हती. पेटी भरून वाजत होती, आणि गाणारा बुवा, जो आता हयात नाही, तो आमच्या पलंगावर येऊन बसल्यासारखा वाटला. मी श्वास रोखून टाळांची वाट बघितली. अख्खं गाणं संपलं, ते आले नाहीत.

नव्या नळ्यांना रुळायला वेळ लागतो, असं कुठेतरी वाचलं होतं. म्हणून मी त्यांना रुळू दिलं. रोज सकाळी तामसीची बस धरायची, शाळेत जायचं, संध्याकाळी येऊन पुन्हा तेच गाणं. बसमध्ये मी दिवस मोजायचो. शाळेत हजेरी घेताना मान खाली घालायची सोडून पोरांच्या ओठांकडे बघायला लागलो. मागच्या बाकावरची एक मुलगी तोंडातल्या तोंडात बोलते म्हणून मी तिला वर्षाच्या सुरुवातीलाच पुढे आणून बसवलं होतं. आता वाटू लागलं, की ती बिचारी नीटच बोलत असावी.

बायकोला विचारायचं धाडस होत नव्हतं. एक तर ती अलीकडे फार चिडकी झाली होती. साधं जेवायला बोलवायचं तरी खेकसल्यासारखी बोलवायची. मी तिला हळू बोल म्हणायचो, आणि कोणी पाहुणा असला की गमतीनं सांगायचो, हिच्या आवाजाला अ‍ॅम्प्लिफायर लागत नाही. पाहुणे हसायचे. ती हसायची नाही.

सहावा दिवस रविवार होता. गाणं नुकतंच थांबवलं होतं आणि ती हातात खोळ घेऊन अ‍ॅम्प्लिफायरकडे निघाली. आमची गल्ली कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मागे आहे. दिवाळीपासून होळीपर्यंत हवेत रुई उडत असते, त्यामुळे गल्लीतल्या प्रत्येक घरात टीव्ही, मिक्सर, शिलाई मशीन, सगळ्यांना कपडे असतात. मी ओरडून तिला थांबवलं. नळ्या तापल्या होत्या, खोळ जळली असती. हा उघडाच ठेवावा लागतो, असं मी समजावलं.

"मंग त्या डब्यांच्या बी काढा," ती स्पीकरकडे हात करून म्हणाली. "त्याईलेच काऊन कोंडून ठेवलं?"

मी तिथंच खुर्चीवर बसलो. स्पीकर खोळीसकटच वाजवायचे, ही आमच्याकडची रीत. खोळ काढली की रुई जाळीत जाऊन बसते. पूर्वीच्या खोळी पातळ, जाळीदार होत्या. ह्या नव्या तिनं जाड पडद्याच्या कापडाच्या, आतून अस्तर लावून शिवल्या होत्या, वर मोर भरले होते. आणि शिवून बरोबर दोन वर्षं झाली होती. दुसऱ्याच्या घरी असं बघितलं असतं, तर मी तासभर उपदेश केला असता. टाळांसारखा बारीक आवाज एवढ्या कापडातून येणार कसा? मला स्वतःचं हसू आलं आणि मग डोळ्यांत पाणीही आलं. सहा दिवसांत प्रथमच मोकळा श्वास घेतला. माझे कान नव्हते, मोर होते.

दोन्ही खोळी ओढून काढल्या, जाळीवरची रुई फडक्यानं पुसली, गाणं लावलं. बायको पलंगावर कपड्यांच्या घड्या करत होती. पहिलं कडवं झालं. तिनं मान वर केली.

"हां, आता कसे खणखणून राह्यले टाळ," ती म्हणाली. "मामाजीच हायेत."

मामाजी म्हणजे तिचे सासरे, माझे वडील. मी स्पीकरच्या आणखी जवळ सरकलो. ढोलकी होती, पेटी होती, बुवा होते.

"हो, हो," मी म्हणालो.

वडीलही शेवटी असंच म्हणायचे. काहीही विचारलं की हो, हो, आणि वर थोडं हसायचे. मी पाहुण्यांसमोर त्यांना मुद्दाम भलतंच विचारायचो, म्हणजे ते हो म्हणतील आणि सगळे हसतील.

बायकोनं हातातलं कापड खाली ठेवलं आणि माझ्या उजव्या बाजूला येऊन बसली. दोन वर्षं ती नेहमी उजव्या, बऱ्या कानाच्या बाजूलाच येऊन बसत होती, हे मला तेव्हा कळलं.

"खोटं काऊन बोलता?" ती म्हणाली. "दोन वर्षं झाले, मी तुमच्याशी मोठ्यानं बोलून राह्यली. तुमाले वाटलं, मी चिडून राह्यली."

"मंग सांगितलं काऊन नाही?"

"तुमी मामाजीले कसे हसत होते, ते मी पायलं हाय. तुमाले कोणी तसं हसू नये वाटलं."

हे सगळं ती मोठ्यानंच बोलली. खिडकी उघडी होती, गल्लीत कोणी थांबलंही असेल. हळू बोल, असं मी म्हणालो नाही. गाणं अजून चालू होतं. टाळ वाजतायत का, असं मी तिला विचारलं.

"हायेत," ती म्हणाली, तेवढ्याच मोठ्यानं.