सोनईच्या पुढची पांढरी भिंत

"तुम्हाला फोटोंसाठी रोज प्रेरणा कुठून मिळते?" असं या ब्लॉगवर कुणी ना कुणी विचारतंच. सकाळच्या प्रार्थनेतून, खिडकीतल्या उन्हातून, असं गुळगुळीत उत्तर मी देत आलोय. आज एकदा खरं सांगतो. बहात्तरच्या दुष्काळात मी नगरहून सोनईच्या पुढच्या एका खेड्यात फोटो काढायला गेलो होतो. तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो, एका स्टुडिओत कामाला होतो आणि स्वतःला मोठा कलावंत समजत होतो.

जायचं ठरलं ते याकोबकाकांमुळे. काका पेंटर. आमच्या स्टुडिओतला तळ्याचा आणि महालाचा पडदा त्यांनीच रंगवलेला. एक दिवस ते आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "आमच्या चर्चातल्या भितीचा फोटू काढायला या. पंच चुना मारायचं बोलत्यात."

त्या भिंतीवर त्यांनी बायबलातल्या मार्थेचं घर काढलं होतं. प्रभू येशू पाहुणा म्हणून बसलाय आणि उजवीकडे, जरा खाली, मार्था चुलीपुढे भाकरी थापतेय, असं. मार्थेला चेहरा दिला होता स्वतःच्या बायकोचा, सगुणाबाईंचा. सगुणाबाई वर्षभरापूर्वी वारल्या होत्या. मग चर्चच्या मंडळीतल्या बायका चित्राखाली फुलं ठेवायला लागल्या आणि पंचांना त्यात मूर्तिपूजा दिसली.

"तिचा फोटू कंदी काढलाच न्हाई," काका म्हणाले. "नाताळाला नगरला नेतो, नेतो म्हनत राह्यलो. आता भितीवर हाय तेवढीच."

मी बारा फोटोंचा रोल भरला आणि सकाळची एसटी धरली. इमामपूर घाट चढताना गाडीपेक्षा माणसंच जास्त धापा टाकत होती. घोडेगावला उतरून गुळाचा कोरा चहा घेतला, दुसऱ्या गाडीनं सोनई गाठली आणि पुढे पायपीट. तुम्हाला जायचं असेल तर वाट अजून तीच आहे, फक्त आता डांबरी झालीय. तेव्हा रस्त्याकडेला खडी फोडणाऱ्या बायका होत्या आणि एक कोरडं ठाक तळं होतं. तळ्याच्या भेगा पाहून माझी कला उफाळून आली. आठ फोटो तिथंच उडवले.

पोचलो तेव्हा चार वाजले होते. "सलाम" म्हणून काकांनी मला पाणीसुद्धा न विचारता थेट चर्चमध्ये नेलं. चित्र खरोखर सुंदर होतं. सगुणाबाईंच्या कपाळावर पिठाचा डाग होता आणि पाहुण्याचं ऐकता ऐकता भाकरी करपेल की काय, अशी काळजी डोळ्यांत होती.

"काढा की," काका म्हणाले.

मी मान हलवली. "आत्ता उजेड मेलेला आहे, काका. दार पूर्वेला आहे ना? सकाळी ऊन थेट भिंतीवर येईल. मग बघा कसा फोटो येतो ते."

काकांनी चर्चचं दार ओढून घेतलं आणि मला घरी नेलं. माझ्यासारख्या शिकलेल्या माणसाशी वाद काय घालायचा, असं त्यांना वाटलं असेल. रेशनवर मिळणाऱ्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरी त्यांनी मलाच वाढल्या, आपण जेवलोय म्हणाले. मी ते खरं मानलं.

तेवढ्यात पंच दानिएलराव आले. "फोटो कशापायी?" त्यांनी विचारलं.

मी बढाई मारली. "मुंबईच्या मासिकाला पाठवणार. सगळीकडे जाईल तुमचं चर्च."

त्यांचे डोळे विस्फारले, ते मला कौतुकानं वाटलं.

सकाळी कॅमेरा घेऊन चर्चमध्ये शिरलो तेव्हा काका हातात कुंचला घेऊन शिडीवर होते. अर्ध्याहून जास्त भिंत ओली पांढरी झाली होती. चूल नव्हती. मार्थाही नव्हती.

"काका, हे काय केलंत?"

"पंच म्हनले, ही मूर्तिपूजा छापून गावभर करायची न्हाई. आजच खरवडून काढतो. मी म्हनलं, तिच्या तोंडावर पत्रा घासू नका. मीच चुना लावतो."

मी म्हणालो, "चित्र पुन्हा रंगवता येईल ना?"

"त्या टायमाला ती डोळ्याम्होरं हुती," ते म्हणाले. दारातून ऊन आत आलं होतं. भिंत झगझगीत उजळली होती. उरलेला कोपराही पांढरा करून काका खाली उतरले आणि बाजूला झाले. "काढा आता. उजेड लई चांगला हाय."

मी फोटो काढला. नाही म्हणायची हिंमत नव्हती.

घरी आल्यावर रोल धुतला. भेगाळलेल्या तळ्याच्या फोटोनं माझं नाव झालं. तो अजून माझ्या बैठकीत लटकतोय आणि येणारे जाणारे त्यात करुणा आणि श्रद्धा शोधतात. मला तो बघवत नाही, काढून टाकायचीही लाज वाटते. प्रार्थना करतो, पण त्या भिंतीबद्दल क्षमा मागायला अजून तोंड उघडत नाही.

महिन्याभरानं याकोबकाका स्टुडिओत आले. मी सबबी जुळवत होतो. त्यांनी एवढंच विचारलं, "फोटू झाला का?"

मी पांढऱ्या भिंतीची प्रत पुढे केली. त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली, बराच वेळ पाहिली आणि उजव्या बाजूला, जरा खाली, बोट टेकवलं.

"हितं," म्हणाले, आणि फोटो सदऱ्याच्या आत ठेवून निघून गेले.