मायचे तीस तास

धुळ्याच्या स्टँडवर मुंबईची एसटी लागली तरी माय माझी बॅग सोडेना. आठ वर्षं झाली त्याला. मेलबर्न किती दूर, तिने विचारलं. मी नुकताच व्हिसा मिळालेली शहाणी मुलगी, ऐटीत म्हणाले, जवळजवळ दहा हजार किलोमीटर.

"किलोमीटर ऱ्हाऊ दे. तास सांग."

एसटी, मुंबईच्या विमानतळावरचं ताटकळणं, सिंगापूरला विमान बदलणं, सगळं धरून तीस. तिने मान हलवली आणि बॅग दिली.

आपल्याकडून बाहेर पडलेल्या तुम्हा सगळ्यांना पुढचं ठाऊकच आहे. पहिल्या वर्षी रोज फोन, मग फक्त रविवारी. भावाच्या लग्नाला नऊ दिवस जाऊन आले, ते एकदाच. नंतर दर दिवाळीला माझं एकच उत्तर, लांब आहे गं माय. खरं तर सुट्टी मिळत होती, तिकीटही परवडत होतं. मला त्या तीस तासांचा कंटाळा होता. हे लिहितानाही लाज वाटते.

गेल्या वर्षी मला दिवस गेले, आणि बाळंतपणाला मी येणार, असं मायने परस्पर जाहीर केलं. आमच्या शिंदखेड्याच्या पुढे एकटी कधी न गेलेली, इंग्रजीचा गंध नसलेली बाई. भाऊ म्हणाला, सिंगापूरला चुकली तर शोधायची कुठे? मग इथले बरेच जण आईवडिलांसाठी करतात तेच मी केलं, तिच्यासाठी व्हीलचेअर मागवली. पाय धड असले तरी खुर्ची ढकलणारा माणूस नेमक्या विमानापर्यंत नेऊन सोडतो. मायला तो अपमान वाटला.

"मना पाय काय मोडेल शेतस का?"

गुपचूप बसायचं, मी दरडावलं.

मेलबर्नला विमान उतरून दीड तास झाला तरी ती दिसेना. आठव्या महिन्याचं पोट सांभाळत मी कठड्याला धरून उभी. शेवटी दार उघडलं आणि व्हीलचेअर आली. तिच्यात एक अनोळखी गुजराती आजी बसलेल्या. खुर्ची ढकलत होती माझी माय, आणि त्या कामाचा माणूस तिची बॅग घेऊन मुकाट्याने मागे चालत होता.

"तिना पाय सुजनात, म्हनीसन बसाडं," ती म्हणाली. सिंगापूरपासून तिने आपली खुर्ची आजींना दिली होती. हिची अहिराणी, त्यांची गुजराती, दोघींचं वाटभर झकास जमलं होतं. आजींना घ्यायला आलेला त्यांचा मुलगा मायच्या पाया पडला. मला तिचा इतका अभिमान वाटला की हसता हसता रडू आलं.

नवरा गाडी चालवत होता. माय खिडकीबाहेर बघत, अजिबात न रागावता म्हणाली, "तीसच तास लागनात. आते लांब शे म्हनू नको."



लेक आता चार महिन्यांची आहे. काल तिचा पासपोर्ट आला. पुढच्या महिन्यात मायला पोचवायला आम्ही तिघी निघतोय. तुझं घर कुठलं, असं इथे कोणी विचारलं की मी पूर्वीही शिंदखेडाच सांगायचे. आता तिकिटाची तारीखही सांगते.