रोम बुडेपर्यंत थांबा

ग्रीक लोक जन्मालाच आले नसते, तर माझं लग्न तीन वर्षं आधी झालं असतं. हे मी रागानं म्हणत नाही. इतकी वर्षं संसार झाल्यावर ग्रीकांवर राग धरण्याइतका दम कोणात उरतो? पण खरं ते सांगायला हवं. पाश्चात्त्य संस्कृतीनं जगाचं काय भलंबुरं केलं याची चर्चा विद्वानांनी करावी. माझी वाट तिनं अडवली ती माझ्या सासऱ्यांच्या मार्फत. आणि छातीवर हात ठेवून सांगतो, नर्मदेपासून गोदावरीपर्यंतच्या मुलखात त्या संस्कृतीची इतकी काळजी वाहणारा दुसरा माणूस झाला नाही. खुद्द युरोपातही असेल का, शंकाच आहे. तिथल्या लोकांना पोटापाण्याचे उद्योग असतात.

उद्योग सासऱ्यांनाही होता. ते रेल्वेच्या डाकडब्यात पत्रं छाटायचे, म्हणजे गावागावांच्या खणांत टाकायचे. रात्रपाळी करून नागपूरच्या धंतोलीतल्या आपल्या दोन खोल्यांत परतले, की हातपाय धुवून थेट इसवी सनापूर्वी जायचे. बर्डीवरच्या एका वाचनालयात, स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी कोण्या गोऱ्या साहेबानं मायदेशी जाताना मागे टाकलेला, पाश्चात्त्य संस्कृतीचा नऊ भागांचा इंग्रजी इतिहास पडला होता. एकेक भाग असा जाड, की उशाला घेतला तर मान मोडावी. पहिल्याच पानावर छापलं होतं, की हा ग्रंथ सामान्य वाचकासाठी आहे. सासऱ्यांनी ही आपली नेमणूकच समजून स्वीकारली. पुढे शिरगणतीवाला दारात आला आणि त्यानं धंदा विचारला, तेव्हा ते म्हणाले, "नोकरी डाकखात्यात. पण तुम्ही लिहा, सामान्य वाचक."

"तसा रकाना नाही, साहेब."

"मंग आखा ना बाप्पा! पट्टी देऊ का?"

ग्रंथातला एकही शब्द वगळायचा नाही, असा त्यांचा नेम होता. छापखान्याचा पत्ता, लेखकानं मानलेले आभार, तळटीपा, सगळं. शेवटची सूची तर ते आंघोळीनंतर पाटावर बसून मोठ्यानं म्हणत, आणि ती अशा काही चालीत, की शेजारच्या आजीबाई खिडकीतून हात जोडून जात. शब्दकोश मांडीवर, ग्रंथ चौरंगावर. उन्हाळ्यात अंगात बनियन नसे, खांद्यावरून तिरका घेतलेला पंचा आणि डोक्यावर ओला टॉवेल. सगळं नागपूर उन्हानं भाजून निघत असताना हा गृहस्थ दारात उभा राहून रस्त्याकडे असं पाही, की जणू आत्ता कोणी विजयी सरदार हत्ती घेऊन येणार आहे. त्यांच्याकडच्या दूधवाल्या भय्याला त्यांनी एकदा दुधात पाणी घालताना रंगेहाथ पकडलं. दुसरा कोणी असता तर दोन शिव्या देऊन मोकळा झाला असता. सासऱ्यांनी त्याला पायरीवर बसवलं आणि ग्रीक लोक मद्यात पाणी का मिसळत, ते पाऊण तास समजावलं. दुसऱ्या दिवसापासून दूध आणखी पातळ झालं. विचारलं तर भय्या म्हणे, "बाबूजी, ग्रीस में भी तो चलता है."

आयुष्यभर पत्रं खणांत टाकलेला माणूस. माणसंही खणांत टाकल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. दोनच खण होते, अथेन्स आणि स्पार्टा. गप्पा मारणारे, सुपारी खाणारे आणि उसने नेलेले छत्री-कंदील परत न करणारे ते अथेन्सचे. वेळेवर उठणारे, कमी बोलणारे ते स्पार्टाचे. सासूबाईंना त्यांनी लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी स्पार्टाच्या खणात टाकलं होतं. "तुमची सासू ना, अस्सल स्पार्टा हाय," ते मला कौतुकानं सांगत. आतून उत्तर येई, "हाव, मी स्पार्टा. अन् स्पार्टात आज भाजी नाही. अथेन्सवाल्यांनी बर्डीवरून आणावी." संत्र्यांच्या दिवसांत मात्र घरात शांतता असे. संत्र्याची फोड तोंडात टाकून सासरे डोळे मिटत आणि निकाल देत, "ग्रीकांले संत्री माहीत नव्हती बाप्पा. म्हणून तर अशी रडकी नाटकं लिहिली त्यायनं."

अशा घरात, सन सत्तरच्या आसपास, मी मुलगी पाहायला गेलो. मी सावनेरकडचा, कोळशाच्या खाणीच्या कचेरीत हजेरी मांडणारा. मुलगी मला आवडली, मी तिला आवडलो असणार, कारण तिनं मला पोहे दोनदा वाढले. बोलणी करायला माझे थोरले भाऊ सरसावले, तशी सासऱ्यांनी चष्मा काढला. "मुलगा चांगला हाय. पण घाईनं घेतलेले निर्णय अथेन्सले भोवले. रोमन लोक पोरी कशा देत, ते मी आता वाचूनच राहिलो. रोम होऊ द्या."

"रोम म्हणजे किती दिवस?" भावानं विचारलं.

"आता तर पायाच खणून राहिले ते."

तो पाया खणून भिंती उठेपर्यंत वर्ष गेलं. मी दर दोन महिन्यांनी एसटीनं नागपूरला जायचो आणि रोमची हालहवाल घेऊन यायचो. मुलगी पडद्याआडून हळूच सांगायची, "एकशे ऐंशी पानं राहिली." पुढच्या खेपेला म्हणायची, "दोनशे दहा. बाबा मागं जाऊन पुन्हा वाचून राहिले." वाचनालयाचा नियम पंधरा दिवसांचा, मधेच दुसऱ्या कोणा वाचकानं तो भाग नेला आणि रोमन साम्राज्य चार महिने कुणाच्या तरी कपाटात अडकून पडलं. सावनेरला आमची आई पिसाळली होती. "काहून गा," ती मला भाकरी थापता थापता विचारी, "थे रोम कवा बुडते? त्याच्या मागं तू म्हतारा होशीन!"

तिसऱ्या वर्षी आमचे वडील स्वतःच उठले. कापूस पिकवणारा माणूस; इंग्रजीचं अक्षर ओळखीचं नाही. तुरीच्या शेंगांची पिशवी घेऊन ते धंतोलीत येऊन बसले. सासऱ्यांनी रिवाजाप्रमाणे रोम सुरू केलं. आम्ही सारे खाली माना घालून बसलो. रोमन शेतकरी कसे वर्षानुवर्षं दूरच्या लढायांवर गेले, कसे शहरात येऊन फुकटच्या धान्यावर राहू लागले, हे सासरे सांगत होते आणि आमचे वडील एकदम म्हणाले, "मंग वावर कोनं पाह्यलं?"

सासरे थबकले. इतक्या वर्षांत त्यांना कोणी प्रश्न विचारला नव्हता. लोक पळून तरी जात, नाहीतर झोपत. "गुलामांनी," ते सावकाश म्हणाले.

"मंग बुडनारच नं बाप्पा. मालक वावरात नसन, तर वखर बी रुसते."

सासऱ्यांनी ग्रंथ मिटला. त्यांचा चेहरा असा झाला होता, की जणू वर्षानुवर्षं मांडलेल्या हिशेबाचं उत्तर कोणीतरी तोंडीच सांगून टाकलं. "त्या लेखकाले एवढं सांगाले चारशे पानं लागली," ते म्हणाले. रोमन साम्राज्य त्या दुपारी चार वाजता धंतोलीत बुडालं, आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला.

पण वडिलांचं संपलं नव्हतं. त्यांनी बोटानं त्या ग्रंथाकडं दाखवलं. "या पोथीत थे मोठी लढाई हाय का? इंग्रजायची पहिली?"

"हाय. नवव्या भागात. काहून?"

"आमचा काका गेल्ता त्या लढाईत. गोमाजी. मले खांद्यावर घेऊन वावरात न्यायचा. समुद्रापार बसऱ्याकडं नेलं म्हनत. मंग ना चिठ्ठी, ना मानूस. कुठं गेला, काय झालं, कोनी सांगलं नाही." त्यांनी ग्रंथाची जाडी चिमटीत धरून पाहिली. "एवढ्या जाड पोथीत असन नं तो?"

सासऱ्यांनी मिटलेल्या ग्रंथाच्या पाठीवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "असेल."

"मंग पोरगी आमाले द्या, अन् तुमी दर पंधरा दिवसांनी येऊन पुढचं सांगत जा. काका येईपर्यंत."

अशा कराराचं लग्न विदर्भात दुसरं झालं असेल असं मला वाटत नाही. सासऱ्यांनी तो अक्षरशः पाळला. एक रविवार आड ते टॉवेलात गुंडाळलेला ग्रंथ काखेत मारून एसटीतून उतरत, ओट्यावर बसत, आणि माझी बायको चहा आणीपर्यंत शंभर वर्षं पुढे सरकलेली असत. मी एकदा शहाणपण केलं. म्हटलं, नववा भागच आधी आणा ना, वडलांचं वय झालं. दोघेही माझ्याकडे असे पाहू लागले, की जणू मी पेरणीआधी कापणी मागितली. "मधले भाग सोडून?" सासरे म्हणाले. "मंग लढाई कळन, लढाईचं कारण नाही कळनार." वडिलांनीही मान हलवली. त्यांना घाई नव्हती असं नाही; पण काकापर्यंत जायचं तर रस्त्यानं चालत जायचं, हे त्यांना मान्य होतं. धर्मयुद्धं झाली, पोपबाबांची भांडणं झाली. गिरण्यांचा भाग आला तेव्हा वडील ताठ बसले. "म्हनजे आपला कापूस तिकडं गेला, अन् लुगडं होऊन परत आलं, अन् दोन्ही डाव आपनच नागवलो?" सासरे म्हणाले, "लेखकानं हे इतकं साफ नाही लिहिलं." "त्याचं काय जाते?" वडील म्हणाले.

असा दहा वर्षांचा प्रवास होऊन नववा भाग लागला. वडील आता काठी टेकत होते. दर खेपेला सासरे निघाले की विचारत, "आता किती दूर हाय?" आणि लढाई अगदी तोंडावर आली असताना सासऱ्यांचा रविवार चुकला. निरोप आला, ताप आहे. दुसराही चुकला. बायको धंतोलीला जाऊन पाहून आली. ताप-बीप काही नव्हता. बाबा चौरंगापुढे बसून तीच पानं पुन्हा पुन्हा उलटत होते. त्या पहिल्या महायुद्धाला लेखकानं शंभर पानं दिली होती. त्यात बसऱ्याकडची मोहीम अडीच ओळींत उरकली होती, आणि हिंदुस्थानातून गेलेल्या शिपायांना अर्धं वाक्य मिळालं होतं. तळटीपसुद्धा नव्हती.

तिसऱ्या रविवारी ते आले. वडील ओट्यावर धुतलेलं धोतर नेसून बसलेले. सासऱ्यांनी ग्रंथ उघडला, चष्मा पुसला, पुन्हा पुसला. मग बोट पानावर ठेवून सावकाश मराठीत सांगू लागले. बसऱ्याच्या पलीकडे वाळूचा मुलूख. उन्हाळा आपल्यापेक्षा कडक. तिथे नागपूरकडचे शेतकऱ्यांचे पोरं होते.

"नाव?" वडिलांनी विचारलं.

सासऱ्यांनी पान उलटलं. "गोमाजी," ते म्हणाले. "सावनेर तहसील."

चहा घेऊन बायको त्यांच्या मागेच उभी होती. ती मॅट्रिक झालेली, तिला इंग्रजी वाचता येई. बाबांचं बोट कुठे आहे ते तिनं पाहिलं: कोण्या राजधानीत त्या हिवाळ्यात पाव कसा मिळेनासा झाला, त्या मजकुरावर होतं. तिनं कप आवाज न करता खाली ठेवला.

"कसा गेला, लिहेल हाय का?"

"ताप आला. दवाखान्यात गेला. एकटा नव्हता, गावाकडचे दोघं उशाशी होते. तिथंच माती दिली, नदीकाठी."

वडील काठी बाजूला ठेवून ग्रंथाजवळ सरकले. मग म्हणाले, "कुठं हाय थे, मले बोट ठेवून दाखवा." सासऱ्यांनी त्यांचं बोट हातात घेतलं आणि त्या पावाच्या ओळीवर ठेवलं. वडिलांनी ते इकडून तिकडे हळूहळू फिरवलं, आणि ओळ संपली तिथेच ठेवून दिलं.

वडील त्याच वर्षी थंडीत गेले. सासऱ्यांनी नववा भाग वाचनालयात परत केला तो त्या पानावर खूण ठेवूनच. पुढची तीनशे पानं त्यांनी उघडली नाहीत. सूचीसुद्धा नाही. जगात त्यानंतर आणखी एक महायुद्ध झालं, हे आमच्या सासऱ्यांना अधिकृतरीत्या अजून ठाऊक नाही.