आयसीयूबाहेरच्या बाई

जबलपूरच्या एका रुग्णालयात आयसीयूबाहेर माझ्याशेजारी एक वयस्कर बाई बसायच्या. त्यांचे यजमान आत होते, माझे बाबाही. त्या सारखा पदराने चष्मा पुसायच्या, पण घालायच्या क्वचितच.

त्या दुपारी डॉक्टरांनी मला तासाभरात ठरवायला सांगितलं. बाबांना व्हेंटिलेटर लावायचा, की घरी न्यायचं? आशा फारशी नव्हतीच. मी रिपोर्ट पुन्हा पुन्हा वाचत होतो, मोबाइलवर शोधत होतो, ताईला फोन करत होतो.

"भैया, किती वाचून राहिले तुम्ही?" बाई म्हणाल्या. "बुद्धीचं काम झालं. आता तिला बसू द्या. तिच्या मागे जे शांत आहे ना, त्याला विचारा."

"आत नुसती भीती आहे," मी चिडून म्हणालो.

"भीती घाई करते. ते घाई करत नाही. एवढ्यावरून ओळखायचं."

हे सांगून त्या पुन्हा चष्मा पुसू लागल्या.

मी मोबाइल बंद करून आत गेलो. बाबांनी डोळे उघडले.

"चेरीतालला, घरी केव्हा?"

"आजच," मी म्हणालो. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

बाबा पुढे घरीच, आमच्यात गेले. पण मला आठवतं ते मी बाहेर आलो तेव्हाचं. डॉक्टर आता तोच प्रश्न घेऊन त्या बाईंपुढे उभे होते. बाईंनी डोळे मिटून घेतले होते, आणि डॉक्टर थांबले होते.