दोन दुकानांचा मोर

बारामतीच्या पेठेत गुळाच्या ढेपांवर मारायची छाप काढावी तर दत्तोबा पेंटरनंच. चित्र काढून तो पत्र्यात कापून द्यायचा. एकोणीसशे चौतीस साली आप्पासाहेबांनी छापखाना घातला आणि दत्तोबाची गिऱ्हाइकं तिकडं वळली. आप्पासाहेबांकडं मुंबईच्या कारखान्याचं ठशांचं जाड पुस्तक होतं. हत्ती, कमळ, मोर, हवं त्यावर बोट ठेवायचं. आठवड्यात तयार ठसा हजर, मग त्याची कागदी लेबलं छापून ढेपांवर चिकटवायची.

गुळाचे अडते आबासाहेब हे दत्तोबाचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. त्यांनीही मोरावर बोट ठेवलं. दत्तोबा त्यांच्या दुकानावरून मान फिरवून जायचा, मग पुढं जाऊन मागं वळून बघायचा. ढेपांवरच्या मोराच्या पिसाऱ्याची रेघ केसाइतकी बारीक होती. असं आपल्याला जमणार नाही हे त्याला कळत होतं आणि तेच सलत होतं. घरी बायकोपुढं, सारजापुढं, तो मोराची चोच वाकडी असल्याचं सांगत बसायचा. मग बघू नका, ती म्हणायची. तो रोज बघायचा.

दोन वर्षांनी इंदापूरच्या एका व्यापाऱ्याच्या गुळावर तोच मोर आला. आबासाहेब तावातावानं वकिलाकडं गेले. वकिलानं समजावलं, की कारखाना हा ठसा मागेल त्याला विकतो. तो छापायची मुभा तुम्हाला आहे, तशीच इंदापूरवाल्यालाही. एकट्याची निशाणी हवी तर चित्र नवं काढून घ्या आणि काढणाऱ्याकडून त्याचा हक्क लिहून घ्या.

हे ऐकून दत्तोबा त्या दिवशी दोन घास जास्त जेवला. दुसऱ्या दिवशी आबासाहेब दारात आले. त्यांना एकट्याचा मोर हवा होता.

दत्तोबानं मोर काढला. आबासाहेबांनी तो जुन्या लेबलाशेजारी धरून पाहिला.

"दत्तोबा, ह्यो तर त्योच हाय."

दुसरा काढला, तोही तसाच उतरला. मान तीच, पिसारा तोच. दत्तोबा घाबरला.

"आप्पासाहेबानं माजा हातबी नेला," तो सारजाला म्हणाला.

"त्येनं न्हाय नेला. दोन वर्सं तुमीच त्या मोराकडं टक लावून हायसा. आता मोर सोडा की."

तो कालव्याकडं निघून गेला. वाटेत आबासाहेबांच्या विहिरीवर बाभळीला सुगरणीचे खोपे लोंबत होते. त्यातला एक अर्धवट विणलेला, त्याला लटकलेला पक्षी, चोचीत काडी. दत्तोबानं तो तिथंच बसून काढला. आबासाहेबांना फारसा पटला नाही, पण असा दुसऱ्या कुणाकडं नव्हता. त्यांनी हक्क लिहून घेतला, दत्तोबानं सही केली. वर्षभरात इंदापूरच्या बाजारातही लोक खोपा छाप गूळ मागू लागले.

एक दिवस आप्पासाहेब स्वतः आले. वास्तुशांतीच्या पत्रिकेवर तो खोपा घालायचा होता, म्हणून विचारत होते.

"आबासाहेबास्नी इचारा," दत्तोबा म्हणाला. "त्यो आता माजा न्हाय."

आप्पासाहेब गेले. दत्तोबा ब्रश धुवायला बसला. आपल्या हातून इतकं चांगलं चित्र एकदाच उतरलं आणि ते आबासाहेबांच्या मालकीचं झालं, हे त्याला आत्ता नीट उमगलं. त्यानंतर तो आबासाहेबांच्या दुकानावरून जाताना पुन्हा मान फिरवू लागला.